आमच्या उत्पन्नाचा हिशेब सरकारने लिहून द्यावा



खरीप तोंडावर आला की तहसिलीपुढे आणि सेतू केंद्रापुढे रांगा लागतात. पोरीच्या प्रवेशाला उत्पन्नाचा दाखला, म्हाताऱ्या आईच्या निराधार योजनेला उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड वेगळे करायचे तरी उत्पन्नाचा दाखला. ज्या दिवसांत माणसाने सरकीच्या थैल्या आणि खताच्या मागे असावे, त्या दिवसांत तो पटवाऱ्याच्या मागे असतो. (पटवाऱ्याला सरकारदरबारी तलाठी म्हणत, २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे ठरले. नाव वाढले, रांग होती तेवढीच आहे.) दोन-चार खेटे घातल्यावर हातात एक कागद पडतो. त्यावर वर्ष आणि रुपये एवढेच छापलेले असते. किती एकर, काय पीक, किती उतारा, काय भाव, किती खर्च, यातले एक अक्षर त्यावर नसते.

आमचा वाद त्या कागदाशी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षाकाठी काय उरते हे तहसिलीने कधी मांडून पाहिलेले नाही. न मांडलेल्या त्या आकड्यावर मात्र आपले धान्य, आपले घरकुल, पोरांची फी आणि आईचे निराधार ठरते. आकडा सरकारचा माणूस लिहितो, मर्यादा सरकार ठरवते, आणि मर्यादेच्या वर गेलेला माणूस ‘अपात्र’ म्हणून घरी येतो.

उत्पन्न म्हणजे काय?

आपल्या बोलीत ‘यंदा उत्पन्न काय झालं?’ असे विचारले की उत्तर येते, ‘एकरी चार क्विंटल.’ आपण पिकालाच उत्पन्न म्हणतो. सरकारी दाखल्यावरही शब्द तोच, ‘उत्पन्न’. आणि पटवाऱ्याने अंदाज बांधताना इतके एकर, इतका उतारा, इतका भाव असा गुणाकार केला की झाले उत्पन्न. वजाबाकी राहून गेली. किराणा दुकानदाराला कोणी विचारत नाही की वर्षाला किती लाखांचा माल विकलास आणि तेच तुझे उत्पन्न. त्याचा माल-खरेदीचा खर्च वजा होतो, दुकानाचे भाडे वजा होते, नोकराचा पगार वजा होतो. एवढेच नव्हे, त्याला तोटा झाला तर आयकर कायद्याप्रमाणे तो तोटा पुढची आठ वर्षे नफ्यातून वळता करून घेता येतो. कपाशीवाल्याचा तोटा पुढल्या वर्षाच्या दाखल्यात कधी वळता झालेला कोणी पाहिला आहे काय?

आता हिशेब करू. आकडे अंदाजाचे धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या वहीतले आकडे घालून पाहावेत.

पाच एकर कोरडवाहू कपाशी. नांगरटी, वखरणी, पेरणीची तयारी एकरी २,५००. सरकीच्या दोन थैल्या १,८००. खत ३,५००. डवरणी आणि निंदण ४,०००. फवारणी, औषध आणि मजूर धरून, ३,०००. वेचाई क्विंटलला १,००० प्रमाणे. वाहतूक आणि किरकोळ ७००. पाऊस धड झाला, एकरी चार क्विंटल कापूस आला, तर एकरी खर्च १९,५००, पाच एकरांचा ९७,५००. वीस क्विंटल कापूस ७,००० ने विकला, १,४०,००० आले. उरले ४२,५००. यात सावकाराचे व्याज नाही, जमिनीचा खंड नाही आणि वर्षभर बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या देखरेखीचे काही नाही.

आता तेच शेत, तीच सरकी, पण ऑगस्टात तीन आठवड्यांची उघाड पडली किंवा बोंडे भरताना बोंडअळी आली. उतारा अडीच क्विंटल. खर्चातली वेचाई आणि वाहतूक थोडी कमी होते, बाकीचा खर्च आधीच मातीत गेलेला असतो. एकरी १७,८००, पाच एकरांचा ८९,०००. साडेबारा क्विंटलचे आले ८७,५००. उरले उणे १,५००.

उतारा पावणेदोन पटीपेक्षाही कमी फरकाने बदलला, पण उरलेला पैसा ४२,५०० वरून शून्याच्या खाली गेला. कोरडवाहू शेतीचे हे मूळ गणित आहे. खर्च एकरावर होतो, पीक पावसावर येते. ज्याला ठरावीक पगार आहे त्याच्या एका वर्षाच्या उत्पन्नावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. आपला बांधता येत नाही. आणि तरीही दाखल्यावर दोन्ही वर्षांना जवळपास तोच आकडा, कारण लिहिणाऱ्याने मागच्या वर्षीचा कागद पाहून नवा लिहिलेला असतो.

उणे दीड हजार असा दाखला मागून पाहा. संगणकात उणे चिन्ह बसत नाही असे उत्तर मिळेल.

मोजायची साधने नाहीत असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. कोणत्या गटात काय पेरले हे २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण स्वतः मोबाइलवरून सरकारला भरून देतो. मंडळातला पाऊस सरकारच्या यंत्रावर नोंदला जातो. उतारा किती आला हे पीक कापणी प्रयोगातून निघते, विम्याचा हिशेब त्यावरच चालतो. भाव बाजार समितीच्या वहीत आहे. खर्च किती येतो हे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे काढत आले आहे. गावाची पैसेवारी तर महसूल खातेच जाहीर करते. म्हणजे ज्या तहसिलीतून गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत निघते, त्याच तहसिलीतून त्याच गावच्या शेतकऱ्याला त्याच वर्षाचा जुनाच आकडा लिहिलेला दाखला मिळतो. एका टेबलावर पीक बुडाले, दुसऱ्या टेबलावर उत्पन्न कायम.

रेघ कुठे आहे?

१९९७ पर्यंत या देशात रेशन सगळ्यांना होते. त्या वर्षी जूनपासून ते ‘लक्ष्य निर्धारित’ झाले, म्हणजे गरीब कोण हे ठरवून मग धान्य द्यायचे. त्याच वर्षीच्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत ज्याच्याकडे दोन हेक्टरांच्या वर जमीन, पक्के घर, मोटारसायकल किंवा छताचा पंखा असेल त्याला गरिबांतून आधीच वगळायचे असे ठरले होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा कुठे जातो हे दिल्लीत बसून पंख्याचा निकष लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आली. वर्षाला १५,००० पर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याच्यावर पांढरे. पिवळ्या कार्डाला शिवाय अट अशी की सगळ्या कुटुंबाची मिळून दोन हेक्टर जिरायत जमीन असू नये, दुष्काळी तालुक्यात त्याच्या दुप्पट.

ही १५,००० ची रेघ आपण आपल्या मापाने मोजू. १९९९-२००० सालचा लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला १,७७५ होता. म्हणजे १५,००० रुपये मिळवायला साडेआठ क्विंटल कापूस लागे. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० आहे. आता त्याच १५,००० ला दोन क्विंटलही कापूस लागत नाही, १८५ किलो पुरतो. ज्वारीचा हमीभाव तेव्हा ४१५ होता, २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा ३,६९९. तेव्हा पिवळी रेघ ३६ क्विंटल ज्वारीवर होती, आता चार क्विंटलवर. चार क्विंटल ज्वारी पिकवणारा माणूस श्रीमंत, असा त्याचा अर्थ.

अन्न सुरक्षा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून राज्यात लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी नवी रेघ आली. तेव्हा कापसाचा हमीभाव ४,००० होता, म्हणजे रेघ अकरा क्विंटलवर. दहा वर्षे उलटली तरी रेघ तीच, आणि आता ती साडेपाच क्विंटलवर उतरली आहे. वर्षाला ४४,००० म्हणजे घरात पाच माणसे धरली तर माणशी दिवसाला २४ रुपये. याच सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात वर्षाला १२ लाखांपर्यंत कमावणाऱ्या पगारदाराला आयकर भरावा लागणार नाही असे जाहीर केले. बारा लाखवाला मध्यमवर्गीय, त्याला सवलत. पंचेचाळीस हजारवाला खेडूत मात्र गरिबीच्या वर गेला!

सरकारी नोकराचा पगार महागाई निर्देशांकाला बांधलेला आहे, वर्षातून दोनदा भत्ता वाढतो. केंद्राच्या नोकरीतला किमान मूळ पगार पाचव्या वेतन आयोगात, १९९६ साली, २,५५० होता, २०१६ साली सातव्यात १८,००० झाला. सात पट. नोकराच्या पगाराला महागाई कळते, गरिबाच्या रेघेला कळत नाही. रेघ हलवायची नसते, कारण महागाई जसजशी वाढते तसतशी माणसे आपोआप रेघेच्या वर ढकलली जातात आणि गरिबी कमी झाल्याचा अहवाल लिहिता येतो.

निराधार योजनेची गोष्ट आणखी चमत्कारिक. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० राहिली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाची रोजी ३१२ रुपये ठरली. घरातल्या एका माणसाने त्या दराने ६८ दिवस काम केले की कुटुंब २१,००० च्या वर गेले. म्हणजे सरकारने स्वतः कायद्याने हमी दिलेले सगळे काम खरोखरच मिळाले, तर घरातल्या म्हातारीचे निराधार बंद व्हायला पाहिजे. ते होत नाही, कारण काम पुरते मिळत नाही आणि दाखलाही खरा नसतो. दोन खोट्यांच्या आधारावर एक योजना चालली आहे.

२०१५ सालची कबुली

रेघ खोटी आहे हे आम्हीच म्हणतो असे नाही. सरकारने ते एकदा लिहून दिले आहे. १५ ऑगस्ट २०१५ पासून राज्याने औरंगाबाद आणि अमरावती विभागांतले सगळे जिल्हे आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने, देणे सुरू केले. आपला बुलढाणा त्यात आहे. का दिले? कारण हे जिल्हे शेतकरी आत्महत्यांचे. म्हणजे ज्याला रेघेच्या वर, खाऊन-पिऊन सुखी म्हणून केशरी कार्ड दिले होते, तोच गळ्याला फास लावत होता, हे सरकारला दिसले. मग खरे तर रेघच पुसायला हवी होती. ती पुसली नाही, तिच्या बाजूला एक खिडकी उघडली.

ती खिडकीही पुढे बंद झाली. धान्य मिळेनासे झाले आणि जानेवारी २०२३ पासून धान्याच्या जागी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. २०२४ साली त्याचे १७० केले. दिवसाला पाच-सहा रुपये. त्यासाठी पुन्हा आधार जोडा, कुटुंबप्रमुख बाईचे खाते द्या, सातबारा जोडा, अर्ज भरा. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला ८५० रुपये मिळण्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवायची. शिवाय धान्य किलोत ठरले होते, त्याला महागाई लागत नव्हती. रुपयांना ती लागते. किलोचे रुपये करणे ही रेघ खाली आणण्याचीच दुसरी रीत आहे.

जमिनीची फुटपट्टी

जिथे उत्पन्न मोजायचा कंटाळा, तिथे सरकार एकर मोजते. फेब्रुवारी २००८ मध्ये केंद्राने देशभरची कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्याच्यावरच्याला बाकीचे आधी भरले तर सूट. कॅनॉलखालच्या चार एकर ऊस-द्राक्षवाल्याचे कर्ज माफ, आणि मेहकरच्या किंवा मोताळ्याच्या सहा एकर बरड जमिनीवर कपाशी पेरणारा अपात्र. विदर्भातल्या आत्महत्यांचे नाव घेऊन आणलेली कर्जमाफी विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापाशी येऊन थांबली. दोन हेक्टर बागायत आणि दोन हेक्टर मुरमाड यांत काय फरक असतो हे कृषी पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. अर्थखात्यात ते कोणी शिकलेले नव्हते.

ती फुटपट्टी अजून मोडलेली नाही. २०१९ साली आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण आले. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण केंद्राच्या निकषांत असेही आहे की कुटुंबाकडे पाच एकर किंवा अधिक शेतजमीन असेल तर उत्पन्न काहीही असो, अपात्र. म्हणजे शहरात साडेसात लाख कमावणाऱ्याचा पोरगा दुर्बल, आणि सिंदखेडराजाच्या सहा एकर कोरडवाहूवाल्याचा पोरगा सबल. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आल्यावर केंद्राने २०२१ च्या अखेरीस पांडे समिती बसवली. समितीने पाच एकरांची अट ठेवा असेच सांगितले.

घरकुलाचे पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीतून कोणाला वगळायचे याचे निकष २०२४ साली सुधारले. दुचाकी, फ्रीज हे निकष काढले, ते बरे केले. पण पाच एकर किंवा अधिक कोरडवाहू जमीन असलेला वगळला जातो. आणि ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०,००० किंवा अधिक आहे तोही. हा निकष नीट वाचा. क्रेडिट कार्डाची मर्यादा म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या कर्जाची रक्कम. चार-पाच एकर कपाशीचे पीककर्ज काढले की ती ५०,००० च्या वर जाते. म्हणजे ज्याच्या डोक्यावर अर्ध्या लाखाचे कर्ज तो सधन! देणे म्हणजे श्रीमंती असा हिशेब जगात दुसरा कोणी करत नसेल. जो बँकेकडे न जाता सावकाराकडे गेला, त्याचे कर्ज कोणत्याच कागदावर नाही, तो गरीब ठरू शकतो. यातून शेतकऱ्याने कोणता धडा घ्यावा अशी सरकारची इच्छा आहे?

आमच्या पूर्णाकाठच्या भावांचा प्रश्न तर या फुटपट्टीला समजतच नाही. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागातला खारपाणपट्टा आपल्याला ठाऊक आहे. विहीर आहे, पाणी आहे, मोटर आहे. पाणी खारे. चोपण काळ्या जमिनीला ते पाणी सलग दोन हंगाम दिले तर जमीन घट्ट होते, हवा खेळत नाही, पीक पिवळे पडते. शहाणा शेतकरी ते पाणी देत नाही, पावसावरच पेरतो. पण सातबाऱ्यावर जलसिंचनाचे साधन या रकान्यात ‘विहीर’ लिहिलेले असते. झाला तो बागायतदार, आणि अडीच एकर बागायत म्हणजे घरकुलाला अपात्र. पाण्याची क्षारता मोजून सातबाऱ्यावर नोंदवायला किती खर्च येतो? माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळा सरकारच्याच आहेत.

दाखल्याचा बाजार

जिथे रेघ जगण्याशी जुळत नाही तिथे लोक रेघेशी जुळवून घेतात. हे उघडपणे बोलले पाहिजे. कोणत्या योजनेला किती रुपयांचा दाखला लागतो हे सेतू केंद्राबाहेर बसणाऱ्याला तोंडपाठ असते. ज्याची ओळख आहे, ज्याच्या खिशात दोनशे-पाचशे आहेत, त्याला हवा तो आकडा मिळतो. जो बिचारा खरे सांगतो की यंदा साठ हजार उरले, तो बाहेर. उत्पन्नाची मर्यादा गरिबाला शोधून काढते असे पुस्तकात लिहिलेले असते. गावात ती खरे बोलणाऱ्याला शोधून काढते.

याच मर्यादेपायी भाऊ-भाऊ कागदावर वेगळे निघतात, एका चुलीची दोन कार्डे होतात, जमीन बायकोच्या नावावर चढते. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला तेव्हा घरच्या लक्ष्मीचा हक्क म्हणून तिच्या नावावर जमीन करा असे गावोगाव सांगितले, आणि हजारो जणांनी ती केली. आज तेच खातेफोड दोन हेक्टरांच्या आत बसण्यासाठी होते. तिचे नाव लागते, हक्क लागत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फूट. पिवळा केशरीवर डोळा ठेवतो, पाच एकरवाला सहा एकरवाल्याला ‘मोठा’ म्हणतो, एका जातीचा दुसऱ्या जातीच्या दाखल्याकडे पाहतो. कापसाला भाव मिळत नाही तेव्हा तो सगळ्यांनाच मिळत नाही. तिथे दोन एकर, वीस एकर, पिवळा, पांढरा असा भेद जिनिंगवाला करत नाही. लूट सगळ्यांची एकत्र होते, मदत मात्र चाळणी लावून.

आता आपल्यातलेच काही जण विचारतील, आपली घोषणा ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी, मग भिकेच्या वाटपावर एवढी चर्चा कशाला? प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की आम्ही तिला भीक मानत नाही. ओईसीडी आणि इक्रिअर या दोन संस्थांनी २०१८ साली अभ्यास करून दाखवले की २००० ते २०१६ या काळात निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा अशा धोरणांनी भारतातल्या शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नातून सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले. सगळी अनुदाने धरून हा आकडा उणे निघाला. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात बंद केली. मे २०२२ मध्ये गव्हाची. ऑगस्ट २०२५ मध्ये, आपला कापूस शेतात उभा असताना, आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपली वेचणी चालू असेतोवर, लांबवली. एका हाताने क्विंटलमागे काढायचे आणि दुसऱ्या हाताने माणशी १७० परत देताना विचारायचे, तू पात्र आहेस काय? काढताना कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता.

खऱ्या श्रीमंताला वगळायला आमची हरकत नाही, आणि ते अवघडही नाही. पीएम किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन हेक्टरांच्या अटीवर निघाली. जूनमध्ये अट काढली. आयकर भरणारे, आमदार-खासदार, मोठे पेन्शनर वगळले, बाकी सगळे आत आले. आकाश कोसळले नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने कार्डाचा रंग न पाहता खुली केली. लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैत निघाली तेव्हा तिच्यातही पाच एकरांची अट होती, आठवडाभरात काढून टाकली. निवडणूक समोर होती, म्हणून एकराची अट काढायला आठ दिवस पुरले. तमिळनाडूने तर रेशनमधला गरीब-श्रीमंत भेद मानलाच नाही, तिथे तांदूळ सगळ्यांना आहे. तेव्हा रेघ ही देवाने आखलेली नाही.

हे आत्ताच बोलायचे कारण कर्जमाफी. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय करू असे सांगितले, समिती नेमली. समिती म्हटले की निकष आले. २००८ ला दोन हेक्टर होते. २०१७ ला कुटुंबाला दीड लाख, वर असेल तर आधी वरचे भरा. निकष ‘गरजू शेतकरी’ अशा गोड नावाने येतात, म्हणून शब्द नीट वाचावे लागतात.

जिल्ह्याच्या बैठकीपुढे आम्ही जे ठेवत आहोत ते असे. शेतीच्या उत्पन्नाच्या दाखल्यामागे पीकवार हिशेब असावा: क्षेत्र ई-पीक पाहणीचे, उतारा मंडळाच्या पीक कापणीचा, भाव बाजार समितीचा, खर्च कृषी विद्यापीठाचा. तोटा निघाला तर तोटा लिहावा. एक वर्ष न धरता तीन वर्षांची सरासरी घ्यावी आणि ज्या वर्षी पैसेवारी ५० च्या आत असेल त्या वर्षी चौकशी न करता शेतीचे उत्पन्न शून्य धरावे. नोकरांचा महागाई भत्ता ज्या दिवशी वाढेल त्याच दिवशी तितक्याच टक्क्यांनी सगळ्या योजनांच्या मर्यादा वाढाव्यात. कोरडवाहू एकर बागायत एकराबरोबर मोजू नये, खाऱ्या पाण्याची विहीर कोरडवाहूत धरावी. आणि किसान क्रेडिट कार्डाचा निकष घरकुलातून साफ काढावा, त्यावर वाटाघाट नाही.

मागण्या मंत्रालयात जायच्या तेव्हा जातील. तहसिलीत मात्र उद्यापासून काम सुरू करता येते. ज्याला ज्याला गेल्या दोन वर्षांत उत्पन्नाचा दाखला मिळाला त्याने माहिती अधिकाराचा अर्ज करावा. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विचारायचे एवढेच: माझ्या दाखल्यातला शेतीचा आकडा कोणत्या क्षेत्रावर, कोणत्या उताऱ्याने, कोणत्या भावाने आणि किती खर्च वजा करून काढला, त्या चौकशी अहवालाची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर अपील. एका गावातून पाच-दहा अर्ज गेले तर दुर्लक्ष होईल. प्रत्येक गावातून पन्नास गेले तर तहसीलदाराला हिशेबाची पद्धत शोधावीच लागेल.

बैठकीला येताना सातबारा, आठ-अ, रेशन कार्डाची प्रत, असेल तो उत्पन्नाचा दाखला आणि किसान क्रेडिट कार्डाचे पासबुक आणावे. खारपाणपट्ट्यातल्यांनी विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत, वर गट क्रमांक लिहून आणावे, ते तपासायला देण्याची व्यवस्था केली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तिथेच लिहून दिले जातील. मायबहिणींच्या नावावर जमीन असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने जाईल, म्हणून त्यांनी स्वतः यावे.